रेनेसाँस फेअर की अर्ली म्युझिकच्या कॉन्सर्ट? वाजवायचं कुठे?

अमेरिकेत राहून तुम्ही सोळाव्या शतकातलं युरोपियन संगीत शिकलात आणि आता लोकांसमोर वाजवायचंय, तर दोन रस्ते दिसतात. एक रेनेसाँस फेअर, म्हणजे त्या काळाच्या वेशात, मोकळ्या मैदानात भरणारी जत्रा, आणि दुसरा अर्ली म्युझिकच्या, म्हणजे जुन्या युरोपियन संगीताच्या, कॉन्सर्ट. दोन्हीकडे काळ तोच सांगतात, पण काम पार वेगळं आहे.

फेअरची सुरुवात १९६३ची. फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने लॉस एंजेलिसच्या परिसरात केपीएफके रेडिओला निधी मिळावा म्हणून पहिली भरवली. आता विस्कॉन्सिनमधली ब्रिस्टल, मिनेसोटा, मेरीलँड, टेक्सास अशा कितीतरी मोठ्या फेअर आहेत आणि त्यांचे सीझन वेगवेगळे, म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टेक्सासला असं फिरत राहणारे कलाकार खूप आहेत. शनिवार-रविवार दिवसभरात अनेक छोटे सेट, धूळ, ऊन, आणि समोरचा माणूस हातात टर्कीची तंगडी घेऊन चालत चाललेला, त्याला थांबवायचं काम तुमचं. पैसे कॉन्ट्रॅक्टचे, टोपी फिरवून मिळालेले आणि सीडी विकून आलेले. घसा आणि मनगटं सांभाळा, खरंच सांगतो.

कॉन्सर्टच्या बाजूला शांत हॉल किंवा चर्च, जाणकार श्रोते, छापील प्रोग्रॅम. बॉस्टनचा अर्ली म्युझिक फेस्टिव्हल दर दोन वर्षांनी होतो आणि त्याच्या फ्रिंजमध्ये, म्हणजे मुख्य कार्यक्रमांच्या जोडीने होणाऱ्या छोट्या कार्यक्रमांत, नवीन ग्रुप स्वतःच कार्यक्रम लावू शकतात, सुरुवातीला चांगली जागा आहे ती. पण कार्यक्रम थोडे मिळतात, त्यामुळे बरेच जण जोडीला शिकवतात. ल्यूट, म्हणजे गिटारसारखं बोटांनी छेडायचं जुनं वाद्य, करून घ्यायची तर पैसे आणि वाट बघणं दोन्ही आलं, शिवाय आतड्याच्या तारा दमट हवेत सुरातून उतरतात.

आता अस्सलपणाचं बघू, कारण खरा वाद तिथेच आहे. फेअरमध्ये कपड्यांवर बारीक लक्ष, संगीतावर मात्र तेवढं नसतं. गजाने वाजवायची सॉल्टरी (चपट्या पेटीवर तारा ताणलेलं वाद्य) अगदी मध्ययुगीन दिसते पण ती विसाव्या शतकात निघाली, आयरिश बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) १९६०च्या दशकातली, टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि खलाशांची बहुतेक गाणी एकोणिसाव्या शतकातली, सहा तारांची आजची गिटारही तेव्हाचीच. ब्रिस्टलच्या फेअरचं कथानक १५७४चं आहे, राणी एलिझाबेथ इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आली ते वर्ष. ल्यूटच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध इंग्लिश संगीतकार डाउलंड तेव्हा अकराएक वर्षांचा पोरगा, त्याचं गाण्यांचं पहिलं पुस्तक १५९७चं. म्हणजे तिथे डाउलंड गायलात तर तेही काळाच्या पुढचंच झालं, पण संगीत छापणाऱ्या सुसाटोचा १५५१चा नाचांचा संग्रह चपखल बसतो.

कॉन्सर्टवाले जुन्या छापील प्रती बघून वाजवतात, कोणता सूर किती उंच ठेवायचा यावर तासन्‌तास बोलतात, ते मला मनापासून आवडतं. पण एक गोष्ट तिथे सुटते. त्या काळी युरोपात मोठ्या आवाजाची वाद्यं मोकळ्यावर आणि हळू आवाजाची घरात अशी विभागणीच होती. शॉम, बॅगपाइप, ढोल बाहेर, ल्यूट आणि व्हायोल (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आत. शॉम तर आपल्या सनईच्या कुळातलं, दुहेरी पातीचं वाद्य, सनई मांडवाबाहेर जशी घुमते तसंच त्याचंही. मग मोकळ्या मैदानात, नाचणाऱ्या माणसांसमोर शॉम वाजवणारा माणूस बंद हॉलमध्ये गप्प बसलेल्या लोकांना नाचाचे तुकडे ऐकवणाऱ्यापेक्षा इतिहासाच्या जास्त जवळ आहे असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ठरवताना आधी हातातलं वाद्य बघा. ल्यूट असेल, किंवा एकट्याने गायची नाजूक गाणी असतील तर फेअरच्या गोंगाटात स्वतःचे हाल करू नका, कॉन्सर्टकडेच जा. शॉम, बॅगपाइप, पाइप आणि टेबर (एका हाताने बासरी, दुसऱ्याने छोटा ढोल) असेल, किंवा चार जण मिळून खणखणीत आवाजात गात असाल तर फेअर घ्या, आणि सुसाटो, फ्रेंच लेखक आर्बोने नाचांवरच्या १५८९च्या पुस्तकात दिलेल्या नाचांच्या चाली, १५८०मध्ये नोंद झालेलं ग्रीनस्लीव्हज हे इंग्लिश गाणं असा खरा माल वाजवा. आर्बोने पावलंसुद्धा लिहून ठेवलीत, त्यामुळे लोकांना नाचायला ओढता येतं, आणि नाचलेला माणूस टोपीत पैसे टाकतो. आयोजक पायरेट, म्हणजे समुद्री चाच्यांची, गाणी मागतीलच, तर सेटमधलं एखादं त्यांच्यासाठी ठेवा पण ते जुनं आहे असं स्टेजवरून सांगू नका. कॉन्ट्रॅक्ट करताना माइक आहे का, दोन सेटमध्ये किती वेळ, सावली आहे का आणि टोपी फिरवायची परवानगी आहे का, एवढं लेखी घ्या.