स्टेलारिस की डिस्टंट वर्ल्ड्स?

आमच्या सांगलीच्या ग्रुपमध्ये अंतराळातला स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की सगळे स्टेलारिसच सांगतात. २०१६ चा, देखणा, नवख्यालाही झेपणारा. फक्त डीएलसी, म्हणजे गेमचे वेगळे विकत मिळणारे जोडभाग, घेता घेता खिसा रिकामा होतो. माझं मत मात्र २०१४ च्या डिस्टंट वर्ल्ड्स युनिव्हर्सला. दिसायला जुनाट, पडद्यावर चिन्हांचा नुसता बुजबुजाट. पण इथली मालवाहू जहाजं खासगी व्यापाऱ्यांची! मार्केट यार्डातले हळदीचे ट्रक सरकार थोडंच हाकतं? आपण खाणतळ उभारायचे, कर घ्यायचा. परवा माझं आरमार इंधन संपून शत्रूच्या अलीकडेच रांगायला लागलं, मी हात चोळत बसलो. डोकं जड झालं तर सगळा कारभार कॉम्प्युटरवर सोडून एकच जहाज चालवा. एवढी मोकळीक स्टेलारिसमध्ये नाही.