सिलिकॉन ग्रीस म्हणून विकलेली डबी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे इंजिन दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. रबरी सील बसवताना लागणाऱ्या ग्रीसच्या खरेदीत गेल्या वर्षी माझी फसवणूक झाली. ज्या माणसाने फसवले तो आजही तसाच माल विकत असावा, म्हणून घडलेले सर्व येथे सविस्तर लिहीत आहे.

एका गिऱ्हाइकाने परदेशातून आणलेल्या मझदा गाडीचे 13बी रोटरी इंजिन माझ्याकडे उघडून नव्याने बांधण्यासाठी दिले होते. या इंजिनात पिस्टन नसतात. दोन त्रिकोणी रोटर असतात आणि प्रत्येकाची पोकळी 654 सीसीची, म्हणजे दोन्ही मिळून 1308 सीसी भरते. बिडाच्या तीन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन हाउसिंग असे थर एकमेकांवर रचून लांब बोल्टांनी आवळलेले असतात. बिडाच्या प्लेटा टेबलावर मांडल्या तेव्हा शेजारच्या फौंड्रीतील मंडळी मुद्दाम येऊन ते ओतकाम निरखून गेली.

थरांच्या या रचनेत चार सांधे पडतात आणि प्रत्येक सांध्यात पाण्याच्या वाटेच्या आत एक व बाहेर एक अशा दोन, म्हणजे एकूण आठ रबरी वॉटर सील असतात. आतले सील कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ज्वलनकक्षात जाऊ देत नाही, बाहेरचे त्याला इंजिनाबाहेर येऊ देत नाही. यातले एक जरी बिघडले तरी ते एकटे बदलता येत नाही, कारण इंजिन गाडीतून उतरवून थर पुन्हा सोडवावे लागतात. जड प्लेट वरून खाली सोडताना सील खाचेतून उठू नये म्हणून ते ग्रीसने चिकटवून धरावे लागते, आणि त्या बोटभर ग्रीसवर पुढचे सगळे काम अवलंबून असते.

माझ्या किटमधील वॉटर सील ईपीडीएम रबराचे होते. हे रबर गरम पाण्याला आणि कूलंटला उत्तम टिकते, पण खनिज तेल त्याला मानवत नाही. ते तेल शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. नायट्राइल आणि व्हायटॉन या रबरांना साधे ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली चालते, म्हणून बरेच फिटर सगळीकडे तीच लावतात. रोटरच्या टोकांवर बसणारे लोखंडी एपेक्स सील जागेवर धरून ठेवण्यापुरती पेट्रोलियम जेली मीही लावतो. ईपीडीएमला मात्र सिलिकॉन ग्रीसच हवे, हे मला ठाऊक होते आणि मी तेच मागितले होते.

स्पेअर पार्टचा एक विक्रेता ओळखीतून आला होता. त्याने शंभर ग्रॅमची डबी 950 रुपयांना दिली. डबीवर चकचकीत अक्षरांत ‘सिलिकॉन ग्रीस’ असे लिहिलेले होते, पण उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच क्रमांक किंवा छापील किंमत यांतले काहीही नव्हते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मालक, मोठ्या डब्यातनं काढून भरलंय, म्हणून छाप न्हाई. डोळं झाकून लावा, काय होत न्हाई.” बिलही कच्चे दिले. माझ्याकडे वीस वर्षांपासून काम करणारे आमचे अण्णा तेव्हाच म्हणाले होते, “दादा, पक्कं बिल घ्या.” मी ते मनावर घेतले नाही, याची खंत आजही वाटते.

इंजिन बांधून गाडी गेली. बाविसाव्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला की सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि कूलंट रोज थोडे कमी होते. रेडिएटरचे झाकण काढून पाहिले तर पाण्यात बुडबुडे येत होते. इंजिन उघडले तेव्हा आतले एक सील खाचेच्या बाहेर येऊन दोन धातूंच्या मध्ये चिरडलेले दिसले आणि बाकीची सील बोटाने दाबली तर ओल्या वादीसारखी मऊ लागत होती. प्रथम मला सीलचीच शंका आली, म्हणून किटमध्ये उरलेल्या ईपीडीएमच्या दोन लहान ओ-रिंगांपैकी (गोल रबरी कड्यांपैकी) एक त्या डबीतल्या ग्रीसमध्ये आणि दुसरी शिरोली एमआयडीसीतील ओळखीच्या कारखान्यातून आणलेल्या खात्रीच्या सिलिकॉन ग्रीसमध्ये बुडवून पत्र्याखालच्या उन्हात ठेवली. नायट्राइलची एक ओ-रिंगही संशयित ग्रीसमध्ये टाकली. तीन दिवसांनी व्हर्निअरने मोजले तेव्हा संशयित ग्रीसमधली ईपीडीएमची रिंग 24 मिलिमीटरवरून 26 मिलिमीटर झाली होती आणि उरलेल्या दोन्ही जशाच्या तशा होत्या. सील निर्दोष होते, दोष डबीत होता.

मग डबीतले थोडे ग्रीस स्टीलच्या चमच्यात घेऊन चमचा उकळत्या पाण्यावर धरला. क्षणात ते तुपासारखे वितळून पातळ झाले, म्हणजे डबीत पेट्रोलियम जेली होती. खरे सिलिकॉन ग्रीस तेवढ्या उष्णतेला जागचे हलत नाही. अण्णांनी ते दुसऱ्या चमच्यात धरून दाखवले. दिसायला दोन्ही सारखेच पांढरट आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. लिथियमचे खनिज ग्रीसही उकळत्या पाण्यावर वितळत नाही, म्हणून ही चाचणी पेट्रोलियम जेली ओळखण्यापुरतीच आहे. लिथियमचे ग्रीस पकडायला ओ-रिंग बुडवून तीन दिवस थांबण्याचीच पद्धत कामी येते. आणखी एक सांगून ठेवतो, सील स्वतः सिलिकॉन रबराचे असेल तर सिलिकॉन ग्रीसही लावू नये, त्याने ते फुगते.

नवे किट, कूलंट आणि दहा दिवसांची मजुरी धरून अडतीस हजार रुपये माझ्या खिशातून गेले. विक्रेत्याने आधी “रबरच खराब असणार” असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले.

पॅकबंद मालावर उत्पादकाचे नाव, पत्ता, वजन आणि छापील किंमत असणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल सहसा ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मुभा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पक्के बिल नसल्यामुळे पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा संदेश, अर्धी उरलेली डबी आणि त्या फुगलेल्या ओ-रिंगेचा फोटो एवढेच पुरावे मला जोडता आले आहेत.