अप्पा बळवंत चौकातली टाचणवही: नव्या शिक्षकाच्या धास्तीवर कितपत उपयोगी?

जून तोंडावर आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, वह्या-पुस्तकांच्या बाजारात, पालकांच्या जोडीने शिक्षकांचीही गर्दी होते. नव्याने रुजू झालेले शिक्षक ‘टाचणवही द्या’ (रोज काय शिकवायचं ते आधी लिहून ठेवायची वही) म्हणतात आणि समोर येईल ती उचलतात. या एका नावाखाली तीन वेगळ्या वह्या मिळतात. त्यांतली कोणती घेतली आणि कशी लिहिली, यावर पहिल्या सत्रातल्या बऱ्याच संध्याकाळी अवलंबून असतात. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या वहीचं किंवा दुकानाचं नाही, या तीन प्रकारांचं आहे. त्यांना कसोटीही एकच लावली आहे: ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं रोज वाटणाऱ्या शिक्षकाला ही वही आधार देते, की तिचंच ओझं होतं?

पहिला प्रकार बीएडच्या पाठांची वही. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन असे रकाने आणि एका पाठाला चार-पाच पानं. ही शिकाऊ शिक्षकासाठी आहे. नोकरीत घेऊ नका. सराव पाठाच्या वेळी एका पाठाला दोन-तीन दिवस मिळतात. शाळेत दिवसाला पाच-सहा तासिका असतात. त्याच पद्धतीने लिहायला बसलं तर रोज पंचवीस पानं होतील, आणि तिसऱ्या दिवशीच वही मागे पडेल. मग जी टोचणी सुरू होते, तिचा शिकवण्याशी काही संबंध नसतो. ती फक्त चुकीच्या वहीतून आलेली असते. अनेक नव्या शिक्षकांना हे कुणी सांगतच नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरा प्रकार तारखा छापलेली शिक्षक दैनंदिनी. दिसायला देखणी, पुठ्ठ्याची, आत फीत. घेण्याआधी पहिलं पान उघडून बघा. जानेवारीपासून सुरू होत असेल तर ठेवून द्या, कारण आपलं शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि अर्धी वही आधीच वाया गेलेली असते. जूनपासूनची मिळाली तरी तारखेच्या वहीत आणखी एक अडचण आहे. आजारपण, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम यात चार दिवस गेले की चार कोरी पानं मागे राहतात, आणि वही उघडली की तीच आधी दिसतात. स्वतःवर आधीच शंका घेणाऱ्या माणसाला अशी कोरी पानं फार लागतात.

तिसरा प्रकार बिनतारखेची छापील दैनिक टाचणवही. दिनांक, इयत्ता, तासिका, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवं ते), साहित्य, स्वाध्याय आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या शेऱ्याचा चौकोन. एका पानावर एक दिवस. घ्यायची असेल तर हीच घ्या. मात्र पानं मोजून घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी लागते. २०० पानी वही पहिली ते पाचवीला जेमतेम पुरते. सहावी ते आठवीला निदान वीस पानं कमी पडतात, आणि परीक्षा, सहल, दुरुस्त्या यांना जागा उरत नाही. त्यापेक्षा १०० पानी दोन-तीन वह्या घ्याव्या आणि सत्रानुसार वापराव्या. दिवाळीनंतर नवी कोरी वही हातात येते, हाही फायदाच.

बांधणी दुकानातच तपासा. वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा. शिवण असेल तर ती सपाट राहते. नुसत्या पिना मारलेल्या असतील तर मधली पानं दोन महिन्यांत निसटतात. स्पायरलची वही मांडीवर दुमडून लिहिता येते, पण दप्तरात तार वाकते आणि पान उलटताना फाटतं. फुलस्केप आकार ए-फोरपेक्षा लांब असतो, त्यामुळे नेहमीच्या पिशवीतून वरचा कोपरा बाहेर राहतो आणि पावसाळ्यात पहिला तोच भिजतो. कागद पातळ असेल तर जेलपेन मागे उमटतो, बॉलपेन वापरा. मागची बाजू आपल्याला लागणार आहे.

छापील वहीतली खरी उणीव त्या मागच्या बाजूनेच भरून काढायची आहे. या सगळ्या वह्यांत ‘काय शिकवणार’ याला आठ-दहा रकाने आणि ‘काय झालं’ याला एकही नाही. वही तपासणाऱ्यासाठी छापलेली असते. शिकवणाऱ्याचा विचार तिच्यात नाही. त्यामुळे दिवसभरात जे घडलं ते फक्त डोक्यात राहतं, आणि डोकं थकल्यावर त्यातलं वाईट तेवढंच उरतं. मागच्या बाकावरचा दंगा आठवतो, पण पुढच्या वीस मुलांनी गणित सोडवलेलं आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमलेल्या गोष्टींतून. दुसऱ्याचं बघणं, कुणी धीर देणं, यांचं बळ त्याच्यापुढे कमी. जमलेलं नोंदलंच गेलं नाही, तर हा भरवसा तयार व्हायला काही शिल्लक राहत नाही.

म्हणून वही घेतल्यावर पहिलं काम पट्टी घेऊन करायचं. प्रत्येक पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आडव्या दोन रेघा मारा. तीन कप्पे होतात. मागची बाजूही छापील असेल, तर स्वतंत्र १०० पानी साधी वही घ्या आणि टाचणवहीच्या वेष्टनात सरकवून ठेवा. वरचा कप्पा जमलेल्या गोष्टीचा, मधला अडलेल्या गोष्टीचा, खालचा उद्याच्या एकाच बदलाचा. तिन्ही मिळून सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, आणि शाळेतून निघण्याआधीच लिहायचं. रात्री अंथरुणात लिहिलं तर नोंद होत नाही, उगाळणं होतं.

नियम एकच आणि तो कडक पाळायचा: विशेषण लिहायचं नाही. ‘वर्ग हाताबाहेर गेला’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्याच्यावर काही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘११व्या मिनिटाला मागच्या दोन बाकांवर बोलणं सुरू. तेव्हा फळ्यावर उदाहरण उतरवत होते, पाठ वर्गाकडे, साधारण ४ मिनिटं.’ एवढं लिहिलं की कारण समोर येतं आणि बदलही सुचतो: उदाहरण तास सुरू होण्याआधी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून ठेवायचं, किंवा एका मुलाला लिहायला उभं करून स्वतः वर्गात फिरायचं. ‘मला वर्ग सांभाळता येत नाही’ आणि ‘चार मिनिटं पाठ वर्गाकडे होती’ यांत फार अंतर आहे. पहिल्यावर नुसतं रडता येतं. दुसरं उद्या सकाळी बदलता येतं.

‘जमलं’च्या कप्प्यात आकडा हवा, आणि त्यासाठी तासाची शेवटची पाच मिनिटं राखायची. अर्ध्या चिठ्ठीवर एकच प्रश्न द्या, नाव नको, फक्त हजेरी क्रमांक. चिठ्ठ्या गोळा करून तीन गठ्ठे करा: बरोबर, अर्धवट, कोरं. तपासायची गरज नाही, मोजायचं तेवढं. ‘सातवी ब, ३४ पैकी २१ बरोबर, ८ जणांची चिन्हाची चूक, ५ कोरे.’ हे तुमचं प्रगतिपुस्तक नव्हे; उद्या कुठून सुरुवात करायची त्याचा पत्ता आहे. आठांची चूक एकच असेल तर उद्याची पहिली पाच मिनिटं तिला. पाच कोऱ्या चिठ्ठ्यांमागे बहुधा मागच्या इयत्तेतलं काहीतरी राहून गेलेलं असतं. ते तुमच्या एका तासाने बिघडलेलं नाही आणि एका तासाने दुरुस्तही होणार नाही. रोज सगळ्या तासांना चिठ्ठ्या घेऊ नका. दिवसाला एक वर्ग पुरे.

पुढच्या बाजूचं टाचण मात्र आटोपशीर ठेवा. नव्या शिक्षकाचं टाचण फसतं ते बहुतेकदा जास्त ऐवज कोंबल्यामुळे. ३५ मिनिटांच्या तासिकेत ५ मिनिटं उजळणी, १२ मिनिटं नवा भाग, १० मिनिटं सराव, ५ मिनिटं चिठ्ठी आणि ३ मिनिटं मोकळी, एवढंच मावतं. मोकळी तीन मिनिटं फुकट जात नाहीत. हजेरी, ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ आणि मधेच आलेली सूचनेची वही यांना ती लागतातच. दोन उपघटक घेतले की दुसरा अर्धवट राहतो, आणि ‘पोर्शन मागे पडला’ ही धास्ती घरापर्यंत येते. शिक्षण हक्क कायद्याच्याच परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या किमान ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. तयारी हा कामाचाच भाग आहे, म्हणून मोकळ्या तासाला टाचण लिहिताना अपराधी वाटून घेऊ नका.

शेऱ्याचा चौकोन सर्वांत जास्त झोप उडवतो. शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर, काढायच्या तीन वर्षांत तर प्रत्येक शेरा नोकरीवरच आल्यासारखा वाटतो. ‘वर्गनियंत्रण सुधारावे’ एवढंच लिहून आलं, तर त्याच दिवशी शांतपणे विचारायला जा: ‘सर, साधारण कुठल्या वेळी तसं दिसलं? मी तेव्हा काय करायला हवं होतं?’ दोन प्रश्न, दोन मिनिटं. उत्तर आलं की मधल्या कप्प्यात तसंच्या तसं उतरवा. आलं नाही, तर त्या शेऱ्यात तुमच्या हातात घेण्याजोगं काही नव्हतं, असं समजून पान उलटा. आणि पंधरा दिवसांतून एक मोकळा तास परवानगी घेऊन एखाद्या अनुभवी बाईंच्या वर्गात मागे बसा. त्यांचं सगळं बघू नका. वर्ग शांत करायला त्या काय बोलतात, किंवा स्वाध्याय कसा देतात, असं एकच ठरवून बघा. सगळं बघायला गेलं की तुलना सुरू होते, आणि वीस वर्षांच्या सरावाशी दोन महिन्यांची तुलना करून कुणाचंच भलं होत नाही.

ही पद्धत बिघडते कुठे, तेही स्पष्ट सांगायला हवं. रविवारी बसून आठवड्याचं एकदम लिहिलं तर सगळे दिवस सारखे दिसतात आणि आकडे मनाचे होतात. फक्त अडलेलंच लिहिलं तर वही तक्रारींची होते. वरचा कप्पा आधी भरल्याशिवाय मधला उघडायचा नाही. मुलांची नावं लिहिली आणि वही टेबलावर राहिली, तर एखाद्या मुलाबद्दल शिक्षकखोलीत नको ती चर्चा होते. म्हणून हजेरी क्रमांकच. मुख्याध्यापकांकडे वही सहीला जाणार असेल तर मागच्या नोंदी त्यांच्याही नजरेला पडणार, हे आधीच लक्षात घ्या. तसा संकोच असेल तर वेगळी वहीच बरी. चार-पाच दिवस राहून गेले तर मागचं भरत बसू नका, आजपासून लिहा.

शनिवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं काढून आठवड्याची पानं चाळा. एकच अडचण तीनदा आली असेल तर तिला खूण करा. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढीच हातात घ्यायची. बाकीच्या थांबतील.

खर्चाचं म्हणाल, तर छापील वही साध्या रजिस्टरपेक्षा महाग पडते. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये झालं असलं, तरी पुण्यात खोलीचं भाडं देऊन त्यातून फार उरत नाही. शाळेने छापील वहीचा आग्रह धरला नसेल तर शिवणीची साधी आखीव वही घ्या आणि रकाने स्वतः पाडा. काम तेवढंच होतं, किंबहुना रकाने आपल्या सोयीचे होतात. आमच्या मते तिन्ही छापील प्रकारांपेक्षा हीच उजवी. खरेदी मे महिन्यातच उरका. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकात गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाणं सोपं पडतं.

आणि वहीच्या आवाक्यात जे नाही त्याबद्दल. कामाचा ताण वही कमी करू शकते, आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या पराकोटीच्या थकव्याला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिलं, पण कामाशी जोडलेली अवस्था म्हणून, आजार म्हणून नव्हे. त्याच्या पलीकडे गोष्ट गेली की लक्षणं वेगळी दिसतात. दोन आठवडे नीट झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी शाळेच्या विचाराने पोटात कालवतं, सुट्टीच्या दिवशीही मन हलकं होत नाही, रडू आवरत नाही. असं असेल तर कप्पे पाडत बसू नका, डॉक्टरांना भेटा. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन करायचा आणि जवळच्या माणसाला सांगायचं.

हा क्रमांक टाचणवहीच्या पहिल्या पानावर, शाळेच्या वेळापत्रकाच्या वर, ठळक लिहून ठेवा. त्याखाली शाळेतल्या एका माणसाचं नाव लिहा, ज्यांना मधल्या सुट्टीत ‘आजचा तास फसला’ एवढं सांगता येईल.