जो हीनी अर्काइव्ह: आठ महिने ऐकल्यानंतर

आयरिश लोकगायक जो हीनी याच्या ध्वनिमुद्रणांचा हा ऑनलाइन संग्रह. तो मी ऐकतेय रोज रात्री अर्धा तास, असे आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ठेका नाही, वाद्य नाही, आपल्या कानाला हवा असतो तो तंबोराही नाही. एकट्या पुरुषाचा जाडसर आवाज आणि न कळणारी आयरिश भाषा. चूक माझीच होती. मी नुसती गाणी लावत होते, गाण्यांबद्दल हीनी जे बोलतो ते वगळत होते.

जो हीनी १९१९ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कनेमारातल्या कार्ना भागात जन्मला. घरची भाषा आयरिश. गाणी आली ती वडिलांकडून, आजीकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. या गायकीला ‘शान-नोस’ म्हणतात, म्हणजे जुनी रीत. त्या भाषेत गाणं गायला सांगताना ‘म्हण’ असंच सांगतात. आपणही ‘गाणं म्हण’ म्हणतो की! हे कळलं त्या रात्री मी पहिल्यापासून सगळं पुन्हा ऐकलं.

कारण इथे शब्द आधी. गाणं कुणावर, कशामुळे रचलं गेलं ती हकिकत माहीत नसेल तर गाणं अर्धंच कळलं. चाल शब्दांच्या मागे जाते, म्हणून लय मोकळी. एका कडव्यातली हरकत पुढच्या कडव्यात तशीच येईल असं नाही. शोकाच्या जागी हीनी आवाज चढवत नाही, कापरा करत नाही.

‘तीन मरियांचा विलाप’ सगळ्यात जास्त वेळा ऐकला. येशूच्या मृत्यूवरचं हे गाणं त्याच्याकडे आजीकडून आलं. ‘ओखोन’ हा आकांत प्रत्येक ओळीनंतर येतो आणि दर वेळी वेगळा लागतो. मूळ शब्द आणि इंग्रजी अर्थ संग्रहात गाण्यासोबतच आहेत; मी ते छापून घेतलेत. आयरिशचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ मात्र मला अजून बसलेला नाही.

हीनी पुढे न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा दारवान झाला, शेवटी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात शिक्षक. १९८४ मध्ये तिथेच तो गेला. त्या शेवटच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं मला फार प्रिय आहेत. समोर अमेरिकन विद्यार्थी, आणि हा माणूस कार्नाच्या घरातली शेकोटी, तिच्याभोवती बसलेली माणसं सांगतो. सांगता सांगता गायला लागतो. नवीन ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, हेडफोन लावून. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.