मेंदूच्या धमनीतला प्लाक: सीटी अँजिओ की भिंतीचा एमआरआय?

मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत पोचलेल्या माणसापुढे ही निवड नसतेच. तिथे सीटी अँजिओच, म्हणजे शिरेत औषध सोडून काढलेले धमन्यांचे सीटी चित्र. गुठळी कुठे अडकली ते क्षणात कळते. मी लिहितोय ते हात लुळा पडून किंवा बोबडी वळून थोड्या वेळात सावरलेल्यांसाठी, जे आता फाइल मांडीवर घेऊन 'पुढे काय' म्हणून बसलेत. मी त्यातलाच. डॉक्टर नव्हे, तेव्हा अंतिम शब्द तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा.

सीटी अँजिओला नावे ठेवावीत असे फारसे नाही. सहज मिळते, झोपलो न झोपलो तोच उरकते, खिशालाही हलकी. किरणोत्सर्ग आणि आयोडीनचे इंजेक्शन तेवढे सोसायचे.

मला छळले ते रिपोर्टातल्या एका ओळीने: 'नो सिग्निफिकंट स्टेनोसिस', म्हणजे धमनी फारशी अरुंद नाही. हात बधिर होऊन गेलेला, आणि कागद म्हणतो सगळे ठीक! ही तपासणी मुख्यतः रक्ताची वाट दाखवते, भिंत नव्हे. प्लाक, म्हणजे भिंतीत साचलेला चरबीचा थर, तर पुष्कळदा बाहेरच्या बाजूला फुगतो आणि वाट जवळपास तेवढीच राहते. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरला तरी ओहोळाचे पाणी नेहमीसारखेच वाहते ना, तसे. त्या ओळीपुढे माझ्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर नव्हते.

हाय रिझोल्यूशन एमआरआयमध्ये वाहते रक्त काळे दिसेल असे करतात, म्हणून भिंत उठून दिसते. मेंदूची मधली धमनी जेमतेम 3 मिमीची, तिची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. त्यामुळे यंत्राचे चुंबक जोरदार, शक्यतो 3 टेस्लाचे हवे. प्लाकची जाडी बहुधा एका अंगाला असते, धमनीला सूज असेल तर बहुधा सगळीकडून. गॅडोलिनियम हे एमआरआयचे इंजेक्शन दिल्यावर उजळणाऱ्या प्लाकवर ताज्या झटक्याचा संशय जास्त. माझा निघाला वरच्या भिंतीवर, एका अंगाला, उजळणारा. मेंदूत खोल शिरणाऱ्या बारीक फांद्या बहुतेक त्याच बाजूने फुटतात. वाट मात्र खरोखरच मोकळी होती.

जाच याचाही आहे. अर्धा-पाऊण तास ठणठणाटात निपचित पडायचे; डोके जरा हलले की चित्र फिसकटते. शिवाय फोनवर 'एमआरआय होतो' एवढ्यावर समाधान मानू नका, 'व्हेसल वॉल प्रोटोकॉल करता का?' असे स्पष्ट विचारा. मला लवकरची तारीख बेळगावात मिळाली, म्हणून साखळीहून चोर्ला घाट चढलो. पावसात तो नकोसाच.

कुणी म्हणेल, औषधे तीच, मग एवढा खटाटोप कशाला? बऱ्याच अंशी खरे आहे. 2011 च्या सॅमप्रिस चाचणीत 70 ते 99 टक्के अरुंद धमन्यांत स्टेंट घातलेल्यांपैकी 14.7 टक्के जणांना 30 दिवसांत पुन्हा झटका वा मृत्यू आला, फक्त औषधांवर असलेल्यांत 5.8 टक्के. त्यामुळे प्लाक दिसला म्हणून कुणी स्टेंटकडे धावत नाही. पण दोष प्लाकचा, भिंतीच्या सुजेचा, की हृदयातून आलेल्या गुठळीचा, यावर गोळ्या बदलतात. माझ्या बाबतीत तो घोळ मिटला.

एमआरआयला न चालणारा पेसमेकर असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल, तर सीटीवर भागवणे शहाणपणाचे. नाहीतर, मला विचाराल तर, भिंतीचा एमआरआय मागून बघा. जाताना जुन्या सीटीची सीडी बरोबर घ्या. प्लाकमधले कॅल्शियम तिच्यातच नीट दिसते, रेडिओलॉजिस्ट मागतोच.