लॉगबुकातले तीनशे मैल

सागरी मैलाचा हिशेब सोपा आहे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक मैल. आमची शिडाची बोट मांडव्याहून जयगडपर्यंत गेली. मांडवा साधारण 18 अंश 48 मिनिटांवर, जयगड 17 अंश 18 मिनिटांवर. किनाऱ्याची वळणं धरली तरी फार तर शंभर मैल. माझ्या लॉगबुकात, म्हणजे प्रवासाच्या नोंदवहीत, मात्र प्रशिक्षकाच्या सही-शिक्क्यानिशी तीनशे मैल लिहिलेत. रात्रीचे तास बारा. हुद्दा: स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान.

जाहिरात होती मांडवा ते मालवण, शिडाच्या बोटीवर मुक्कामी प्रवास, शेवटी ‘आंतरराष्ट्रीय स्किपर सर्टिफिकेट’. फी लाखाच्या घरात, सगळी आगाऊ. पण बोट सुटली तेव्हापासून इंजिन चालूच. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, दुपारनंतर वायव्येचा वारा. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. शिडं उघडायला याहून सोयीचं काय हवं? तरी ती गुंडाळलेलीच, कारण मालकाला पुढचं गिऱ्हाईक गाठायचं होतं. सुकाणू हातात यायचं ते मोकळ्या पाण्यात, फोटोपुरतं. शिकायचं असतं ते भलतीकडेच: दाभोळच्या खाडीत भरतीच्या कुठल्या वेळी शिरायचं, नांगराला साखळी किती सोडायची, रात्री वारा फिरला तर कुठे हलायचं. ते सगळं प्रशिक्षक स्वतः उरकायचा आणि आम्ही पोहे खात बघायचो. विचारलं की म्हणे, ‘ते पुढच्या लेव्हलला.’ हर्णै बंदरात एका कोळीदादांनी विचारलं, ‘तांडेल कोण तुमचा?’ तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडेच हात केला!

रोज सूर्य बुडायच्या आत नांगर पडायचा. अंधारात मासेमारीच्या जाळ्यांत इंजिनाचा पंखा अडकतो, हे कारण खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मग ते बारा तास आले कुठून?

जयगडला ‘इंजिन तापलं’ म्हणून प्रवास संपला. आम्ही एसटीने रत्नागिरीला. वर पंख्याच्या नुकसानीपोटी अनामतही कापली.

बारा हा आकडा उगाच लिहिलेला नाही. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या यॉटमास्टर कोस्टल परीक्षेला बसायला 30 दिवस, 800 मैल, रात्रीचे 12 तास आणि निदान 2 दिवस स्किपर म्हणून काढलेले लागतात. ती परीक्षा घ्यायला वेगळा परीक्षक येतो. आमच्या कागदावर नांगर आहे, होकायंत्र आहे, सोनेरी किनारही आहे. मान्यता कुणाचीच नाही. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी असोसिएशनच्या संकेतस्थळावर असते, पैसे भरण्याआधी नाव तिथे शोधा. असल्या मैलांच्या भरवशावर उद्या कुणी बायकापोरांना घेऊन अंधारात खाडीत शिरलं तर काय, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. बोटवाल्यांकडून उत्तर आलं: ‘प्रशिक्षण समाधानकारक पूर्ण झाल्याची तुमची सही आहे.’ ती सही मांडव्यालाच, बोटीवर चढण्याआधी, ‘विम्याचे फॉर्म’ म्हणून पुढे केलेल्या गठ्ठ्यात घेतली होती. तारखेची जागा कोरी ठेवलेलं पान दिसलं, तर तिथेच पेन खाली ठेवा आणि भरलेली फी परत मागा.