आयसोलेशन म्हणून ऑटो ट्रान्सफॉर्मर विकला: गेम पार्लरचा जुना मॉनिटर घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

मॉनिटर ११,५०० रुपये. ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर’ ३,२००. कॉम्प्युटरला जोडायची केबल ८५०. ‘टेस्टिंग’चे ५००. टेम्पोभाडं ६००. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात हे १६,६५० रुपये दिले, आणि घरी पहिल्याच जोडणीत ५,८०० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड जळालं.

काही न कळता घेतला असेल, असं कुणी म्हणू नका. पार्लरच्या बऱ्याच मॉनिटरांत आयसोलेशन, म्हणजे घरच्या विजेशी थेट तारेचा संबंध तोडणारी सोय, नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून तर ३,२०० वेगळे मोजले. वेल्स-गार्डनर कंपनीच्या के७००० सारख्या चासीत (मॉनिटरच्या मुख्य सर्किटात) वीज सरळ ब्रिज रेक्टिफायरवर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांवर येते. चासीचा ग्राउंड म्हणजे मेन्सचाच (घरात येणाऱ्या विजेचाच) एक हिस्सा. गेमच्या पेटीत तळाशी बसवलेला ट्रान्सफॉर्मर हा ग्राउंड मेन्सपासून तोडतो. पेटी भंगारात निघाली की त्यातल्या तांब्यापायी तो ट्रान्सफॉर्मर आधी उचलला जातो आणि मॉनिटर उघडा विकायला येतो. तसाच तो कॉम्प्युटरला लावला तर काय होतं? कॉम्प्युटरचा सिग्नल ग्राउंड त्याच्या पत्र्याला जोडलेला, पत्रा तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये उरतो फक्त एक डायोड. तो फुटतो, केबलची जाळी वितळते, कार्ड जातं.

दुकानात मात्र चित्र जरा अंधारं, पण स्वच्छ आलं. का आलं, तेच सांगायचं आहे. दुकानदारानं मॉनिटर लॅपटॉपवर दाखवला, चार्जर काढून. बॅटरीवरच्या लॅपटॉपला अर्थिंगच नसतं, मग शॉर्ट व्हायला वाटच नाही. चासीवरची वीज केबलमधून लॅपटॉपच्या सॉकेटपर्यंत पोचली होती, आणि सॉकेटच्या धातूला कुणी हात लावला नाही एवढंच. त्यानं केबल आधी घट्ट बसवली आणि मगच स्विच दाबला. दाखवून झाल्यावरही आधी स्विच बंद, मग केबल. तेव्हाच ओळखायला हवं होतं! चार्जर शेजारीच पडलेला होता. ‘चार्जर लावून दाखवा’ एवढे तीन शब्द तोंडातून निघाले असते तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. मी बघत राहिलो ते रंगांकडे.

दुसरी खूण म्हणजे डब्याचं वजन. वर ‘२५० व्हीए आयसोलेशन’ असा कागद चिकटवलेला. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा खरा २५० व्हीए ट्रान्सफॉर्मर साडेतीन-चार किलोच्या आसपास भरतो. हा एका हातात सहज उचलला गेला. २३० चे ११० करणाऱ्या ऑटो ट्रान्सफॉर्मरला जवळपास निम्माच गाभा पुरतो, कारण त्यात गुंडाळी एकच असते आणि मधून एक वायर काढलेली असते. मॉनिटरला लागणारे ११० व्होल्ट बरोबर दाखवतो, पण मेन्सपासून तोडत काहीच नाही. त्यात घरचा एक्स्टेन्शन बोर्ड फेज-न्यूट्रल उलटा जोडलेला असेल, आणि तसे बोर्ड घरोघरी आहेत, तर सामाईक वायरवर पूर्ण २३० येतात.

हे पकडायला अर्धा मिनिट लागतं. डबा कुठेही न लावता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. इनपुटची प्रत्येक पिन आउटपुटच्या प्रत्येक पिनेशी तपासा. एकदा जरी बीप आला तर तो ऑटो. अर्थिंगची पिन आउटपुटला सरळ नेलेली असू शकते, ती वेगळी मोजा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मिळाला तर ५०० व्होल्टवर पुन्हा बघा. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर उठून या.

केबल कापून पाहिली. ८५० रुपयांत आत नुसत्या वायरी, दोन्ही सिंक (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलच्या वायरी) एकमेकांना पिळलेले. व्हीजीएचा रंग-सिग्नल ०.७ व्होल्टचा, आणि पार्लरच्या मॉनिटरला त्याहून कितीतरी जास्त लागतो. मध्ये अॅम्प्लिफायर नसेल तर चित्र अंधारं दिसतं. ‘लॅपटॉपची सेटिंग अशी आहे’ म्हणाला, ते मी मान्य केलं. हे मॉनिटर १५.७ किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा ओढणारे, आणि कॉम्प्युटर चालू होतानाचा पहिला स्क्रीन ३१.५ चा. कॉम्प्युटर १५ किलोहर्ट्झवर स्थिरावल्याशिवाय मॉनिटरला वीज देऊ नका, नाहीतर या रेघा चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर जाण्याचा धोका असतो.

कार्ड जळाल्यावर फोन केला तर म्हणतो, “भाऊ, कॉम्प्युटरच्या प्लगची मोठी पिन तोडून टाका, मग काही होत नाही.” याचा मला सर्वात जास्त राग आहे. पैसे खाल्ले ते खाल्ले, पण हा सल्ला माणूस मारणारा आहे. पिन तोडली की शॉर्ट होत नाही हे खरं, पण कॉम्प्युटरचा अख्खा पत्रा, यूएसबीची टोकं, हेडफोनचा जॅक, सगळ्यावर वीज बसून राहते. ती पिन कधीही तोडू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

पोलीस ठाण्यात गेलो. “माल मिळाला ना? मग ही फसवणूक नाही, दिवाणी प्रकरण आहे.” बिल नाही, आणि यूपीआयचे पैसे भलत्याच नावावर गेलेले. ऑनलाइन फसवणुकीच्या टेबलावर पाठवलं, तिथे म्हणाले वस्तू दुकानातून घेतली, आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर उत्तर मिळालं, भंगार मालाला कसली हमी? वीज सुरक्षेचं काम पाहणाऱ्या कचेरीत विचारलं, “कुणाला शॉक लागला का?” नाही म्हटल्यावर अर्ज बाजूला सरकवला. म्हणजे कुणी चिकटल्यावर या! मी भंगाराची हमी मागतच नव्हतो. डब्यावर ‘आयसोलेशन’ लिहून आत दुसरंच भरलं, एवढंच म्हणत होतो. चार ठिकाणी डबा उघडून दाखवला, चारपैकी एकानंही आत पाहिलं नाही.

बिलावर ‘दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर’ हे शब्द लिहून घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे, पण कागद लागतो.

खरा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आउटपुटच्या दोन्ही वायरी एकदम धरल्या तर जीव जाऊ शकतो, आणि घरातला आरसीसीबी (वीज अर्थिंगला गळली की पडणारा स्विच) तिथे पडत नाही. पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वर असतात, वीज काढल्यावरही राहतात. ते उतरवताना स्क्रूड्रायव्हरला बांधलेली वायर ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीलाच जोडा, सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नाही.

त्या दुकानात तसे आणखी पाच-सहा डबे रांगेनं ठेवलेले होते. राखाडी पत्रा, वर हिरवा दिवा, मागे दोन पिनांचं सॉकेट, आणि स्क्रूंवर लाल लाख.